होल्स्टची सावित्री आणि आई

बाबा गेले त्यानंतर तीनच आठवड्यांनी वटपौर्णिमा आली. दर वर्षी आईला हाक मारणाऱ्या शेजारच्या काकू या वेळी जिना हळूच उतरून गेल्या. आई ओट्याशी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सत्तावीस वर्षं फेरे मारले रे. माझंच काय चुकलं?"

मी इंजिनिअर माणूस. "असं काही नसतं गं," एवढंच बोललो. ते तिला उत्तर वाटलं नाही, आणि खरं तर मलाही नाही.

लहानपणी मला सावित्रीची गोष्ट फार आवडायची. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, असं यम म्हणतो. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं राज्य, वडिलांना शंभर पुत्र असं मागत मागत ती स्वतःलाही शंभर पुत्र मागते. यम 'तथास्तु' म्हणतो आणि अडकतो. आजच्या भाषेत सांगायचं तर यमाच्या कोडमध्ये बग होता आणि तो सावित्रीला सापडला. पण आईला कसला बग सापडणार होता? तिला तर कोणी 'माग' असंही म्हणालं नव्हतं.

पुढच्या वर्षी रात्रपाळीचं काम करताना मी गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं 'द प्लॅनेट्स' ऐकत असे. त्याच्या रचनांच्या यादीत एकदा 'सावित्री' हे नाव दिसलं. आधी वाटलं, दुसरीच कोणी असेल. पण ती आपलीच होती, महाभारतातल्या वनपर्वातली.

होल्स्टचा जन्म १८७४चा. म्हणजे आज मी ज्या वयाचा आहे, साधारण त्याच वयात तो लंडनमध्ये संस्कृत शिकायला लागला. ऋग्वेदातल्या सूक्तांची इंग्रजी रूपं त्याने स्वतः केली आणि त्यांना चाली लावल्या. रामायणावर 'सीता' नावाचा मोठा ऑपेराही लिहिला. तो १९०६मध्ये पूर्ण झाला, पण स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. त्यानंतर, मुलींच्या शाळेत संगीत शिकवत असताना, १९०८च्या सुमारास त्याने 'सावित्री' लिहायला घेतली. 'सीता' जेवढी अवाढव्य, तेवढीच ही आटोपशीर आहे. लांबी जेमतेम अर्धा तास, गाणारे तिघं, बारा वादक आणि पडद्याआड शब्दांशिवाय गाणाऱ्या बायकांचा कोरस. पहिला प्रयोग १९१६मध्ये लंडनला झाला, ऐन महायुद्धात.

आपल्या संगीत नाटकात आधी नांदी होते. इथे काहीच नाही. एकही वाद्य वाजत नाही. नुसता यमाचा आवाज येतो, रंगमंचाबाहेरून. तो कोण आहे आणि कशासाठी आलाय, हे सांगत. मग सावित्री गायला लागते, तीही साथीशिवाय. दोघांच्या पट्ट्या जुळत नाहीत. हेडफोन लावून बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला.

होल्स्टने शंभर पुत्र काढून टाकलेत. सासरे, राज्य, तेही नाही. यम म्हणतो, स्वतःसाठी काहीही माग, फक्त सत्यवानासाठी नको. ती आयुष्य मागते. स्वतःसाठी, भरभरून. यम देतो. मग ती सांगते, की सत्यवानाशिवाय ते आयुष्यच अपुरं आहे. म्हणजे गोष्टीतलं कुलूप तेच राहतं, किल्ली वेगळी. यम निघून जातो, पण जाताना मृत्यूही मायाच असल्याचं गातो.

सुट्टीला घरी गेलो तेव्हा आईला हे सगळं सांगितलं आणि मोबाइलवर ऑपेरा लावला. थोडा वेळ ऐकून तिने विचारलं, "शेवटी उठतो ना तो?"

"उठतो."

"उठणारच. गोष्टच आहे ती." ती लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "पण तिने स्वतःसाठी मागितलं म्हणतोस?"

"हो. आधी स्वतःसाठीच."

"आम्हाला असं कोणी सांगितलं नाही कधी."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिने हात पुसले.

"तो पहिला आवाज परत लाव."

लावला. आई डोळे मिटून ऐकत होती.

"लांबून येतोय," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या वेळी मलाही आधीच ऐकू आला होता."

मी आवाज कमी करायला हात पुढे केला. तिने मानेनेच नको म्हटलं.