मोगॅम्बो आमच्या ओटीवर

काही वाद असे असतात की ते मिटले तर घराला चुकल्याचुकल्यासारखे होईल. आमच्या घरी दर दिवाळीला मोगॅम्बोवरून जो वाद होतो, तो या जातीचा आहे. चकलीची भाजणी यंदा नीट जमली की नाही हा प्रश्न सुद्धा त्याच्यापुढे फिका पडतो.

आमचे घर बदलापूर गावातले. बदलापूर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे स्टेशन येते, गच्च भरलेली लोकल येते आणि स्टेशनापासून डोंगरापर्यंत उठलेल्या इमारती येतात. गाव त्याहून निराळे. उल्हास नदीच्या अंगाला, कौलांचे, आणि आता शेअर रिक्षाने जोडलेले. नोकरीमुळे मी बाहेर राहतो. कॉलेजात मराठी शिकवतो, आणि दिवाळीच्या चार दिवसांसाठी सहकुटुंब गावी येतो. दुपारची जेवणे झाली की पुतण्या दूरदर्शनसंच लावतो, कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर 'मिस्टर इंडिया' सापडतोच, आणि मग भांडण सुरू होते.

वाचकांपैकी ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल असे गृहस्थ विरळाच. तो १९८७ साली आला. दिग्दर्शक शेखर कपूर, लेखक सलीम–जावेद. एका शास्त्रज्ञाने शोधलेले यंत्र त्याच्या मुलाच्या हाती पडते. ते मनगटावर बांधले की माणूस दिसेनासा होतो. फक्त तांबड्या उजेडात दिसतो. हा झाला त्यातला विज्ञानाचा भाग, आणि तो एवढाच. उरलेला भाग मोगॅम्बोचा. बेटावर राहणारा, सोनेरी कलाबतूचा कोट घालणारा, एका शब्दावर आपल्या शिपायांना तेजाबाच्या हौदात उड्या घ्यायला लावणारा हा गृहस्थ अमरीश पुरी यांनी उभा केला. स्वतःची खुशाली कळवणारे त्याचे ते तीन शब्द आज शेंबड्या पोरालाही पाठ आहेत.

पुतण्या इंजिनिअर आहे. त्याचे म्हणणे सरळ असते. "काका, ही ॲक्टिंग नाही, ही ओव्हरॲक्टिंग आहे. जगात असा माणूस असतो का?" मग तो पुरावा काढतो. १९८० साली 'फ्लॅश गॉर्डन' नावाचा एक इंग्रजी चित्रपट आला होता. त्यात मिंग नावाचा असाच भडक, झगमगीत सम्राट आहे. मोगॅम्बो त्याचाच देशी भाऊ, असा त्याचा निकाल. आता या मिंगचे काम करणारा मॅक्स फॉन सिडो हा नट १९५७ साली बर्गमनच्या चित्रपटात साक्षात मृत्यूशी बुद्धिबळ खेळला होता. अमरीश पुरीही काही चित्रपटांच्या फाटकातून थेट आत शिरलेले नव्हेत. कर्मचारी राज्य विमा महामंडळात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली, ती सांभाळून सत्यदेव दुबे यांच्याबरोबर नाटके केली, आणि १९७९ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो रंगभूमीसाठी. ज्यांना हळू बोलता येते अशांनीच मुद्दाम मोठ्याने बोलायचे ठरवले, तर त्याला 'अति' म्हणून मोकळे होण्याआधी जरा थांबावे, असे मला वाटते. पुतण्याला तसे वाटत नाही.

या वादातले खरे मानकरी आमचे थोरले काका. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला. पण गावातल्या उत्सवाच्या नाटकांत खलनायक म्हणजे काका, हे समीकरण वीसबावीस वर्षे टिकले. 'भावबंधना'तला घनश्याम त्यांनी केला. मूळचा घनश्याम चिंतामणराव कोल्हटकरांचा. तो ऐकलेली माणसे काकांच्या लहानपणी गावात होती, आणि काकांनी तो त्यांच्या नकलांवरून उचलला. ध्वनिक्षेपक नव्हता, आणि असला तरी ऐन प्रवेशात बंद पडे. पुढे बायका, मागे पुरुष, त्यांच्यामागे बैलगाडीच्या साट्यावर उभी राहिलेली पोरे. त्या पोरांपर्यंत दुष्टपणा पोचला पाहिजे, एवढेच नाट्यशास्त्र काकांना ठाऊक होते. भरतमुनींनी लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद करून ठेवला आहे, तो मी वर्गात दरवर्षी शिकवतो. काकांना तो मी कधी सांगायला गेलो नाही.

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर काकांचा आवाज गेला. आता ते कुजबुजल्यासारखे बोलतात, आणि त्यांचे ऐकायचे तर अख्ख्या ओटीला गप्प बसावे लागते. पुतण्या जेव्हा "हे काय ओरडणं आहे!" म्हणून हसतो, तेव्हा काका पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघतात. गेल्या दिवाळीत त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि म्हणाले, "ओरडतोय कुठे? नीट बघ. तो बसून आहे. हलतो ते फक्त बोटं."

मग आम्ही सगळ्यांनीच नीट पाहिले. काकांचे खरे होते! कोट ओरडतो, सिंहासन ओरडते, भिंतींवरचे दिवे ओरडतात. पण नट जवळजवळ हलत नाही. खुर्चीच्या हातावरल्या गोळ्यावर बोटे वाजतात, डोळे जरा विस्फारतात, शब्द सावकाश पडतात. आणि मुख्य म्हणजे, आपण काही गंमत करतो आहोत अशी कबुली तो डोळा मिचकावून प्रेक्षकांना कुठेही देत नाही. माझ्या मते खरी अतिशयोक्ती बिघडते ती अशा कबुलीने. मोठ्या आवाजाने नव्हे.

मला स्वतःला यात आणखी एक गोष्ट दिसते. एच. जी. वेल्सने १८९७ साली अदृश्य माणसाची कादंबरी लिहिली, तिच्यात अदृश्य होणाराच खलपुरुष आहे. दिसेनासा झाला की माणूस बिघडतो, असा त्या साहेबाचा हिशेब. आपल्याकडे तो उलटा झाला. सज्जन अदृश्य झाला! मग निम्मा चित्रपट पडदा रिकामाच राहायचा. तो भरणार कोण? जिथे नायक दिसत नाही तिथे खलनायकाने दोघांच्या वाटणीचे दिसले पाहिजे. मोगॅम्बोचा कोट त्या हिशेबात बसतो.

हा माझा सिद्धांत पुतण्याला "प्राध्यापकी" वाटला. वहिनींना तर त्याहून कमी पसंत पडला. वहिनींनी पंचवीस वर्षे लोकलने मुंबईची नोकरी केली. त्या आतून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं कोट आणि बोटं चालू दे. त्यात ती लहान टीना मरते, ते कोणी बोलणार आहे का?"

ओटीवर एकदम शांतता झाली. त्या चित्रपटात मोगॅम्बोच्या हुकमाने गर्दीच्या जागी बॉम्ब ठेवले जातात, आणि एक अनाथ मुलगी त्यात जाते. आम्ही सगळे ते पाहिलेले. पण चर्चेत ते कधी येत नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले, त्या संध्याकाळी वहिनी घरी कशा पोचल्या हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा त्यांनी किती हजार वेळा ऐकली असेल!

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो सातआठ वर्षांचा असताना, गणपतीच्या जागरणाला भाड्याने आणलेल्या व्हीसीपीवर, याच ओटीवर. रात्रभर मला मोगॅम्बोची भीती वाटली. बाकाखालच्या पिशवीची वाटली नाही. ती पुढे मोठेपणी वाटू लागली, आणि तिला ना सिंहासन होते ना कोट. लहान मुलाला भ्यायला काहीतरी धरता येण्यासारखे लागते. अमरीश पुरींनी ते पुरवले.

"म्हणून तो खोटा," पुतण्या म्हणाला. "खरा व्हिलन 'बदलापूर'मधला." आमच्या गावाच्या नावाचा हा चित्रपट २०१५ साली आला, आणि नावातल्या 'बदला'वर गावाने पुष्कळ विनोद सोसले. त्यात सूड घेणारा नायक अधिक क्रूर की तुरुंगातला गुन्हेगार, हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही. नवाजुद्दीन सिद्दीकींचे काम अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण काका पुटपुटले, "तो पोरांना दाखवशील का?" पुतण्याने उत्तर दिले नाही. तो पटला असे मात्र कोणी समजू नये. तो तसा पटणाऱ्यातला नाही.

तोवर मुले अंगणात जाऊन मोगॅम्बो खेळू लागली होती. पाचही जणांना मोगॅम्बोच व्हायचे होते. अदृश्य होऊन उपयोग काय, कुणाला दिसणार तरी कसे, असा रोकडा सवाल माझ्या धाकटीने टाकला. अखेर खुर्ची तिने पटकावली, वहिनींची जरीची शाल खांद्यावर घेतली आणि बेंबीच्या देठापासून ओरडायला तोंड उघडले. काका काठी टेकीत पायरीवरून उतरले. सगळी पोरे ऐकायला गप्प झाली.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "आधी बोटं."