गळती

आमची मारुती ८०० बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून २००४ साली घेतली. कंपनीने हे मॉडेल २०१४ साली बंद केलं. आम्ही मात्र अजून बंद केलेलं नाही! बाबा गेले, गाडी राहिली.

मी सरकारी कारकून. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीला भिडला की ती निर्लेखित करायची, अशा टिपण्या मी कितीतरी लिहिल्या असतील. घरच्या गाडीवर मात्र तसं टिपण लिहायला हात धजत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१९ साली त्याची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५००० झाली. २०२४ साली ती भरताना बायको म्हणाली, "एवढ्यात कुणी ही गाडी विकत तरी घेईल का?" मी गप्प.

खरी कटकट गळतीची. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. मिरग लागला की डाव्या सीटच्या पायाशी तळं साचायचं. मी दाराचं रबर बदललं, नवी मॅट घातली, चौदाशे रुपये गेले. तळं तसंच. शेवटी फोंड्याच्या आमच्या मेस्ताने मॅट उचलून गंजलेला पत्रा दाखवला आणि म्हणाला, "पात्रांव, उदक पडटा थंय बुराक आसना." त्याने बॉनेट उघडून वायपरखालच्या खाचेतून मूठभर कुजलेली पानं काढली. गाडी फणसाखाली उभी असते ना! पाणी जायची वाट पानांनी तुंबलेली, म्हणून ते आत उतरत होतं. त्याने त्याचे पैसेही घेतले नाहीत.

मला बाबा आठवले. मे महिन्यात कौलं परतायला माणूस आला की ते स्वतः शिडी धरून उभे राहत. पाणी शिरतं आढ्यापाशी, वाशावरून ओघळतं आणि पडतं खाटेवर, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. घराचं ऐकलं, गाडीचं विसरलो.

दुसरी गळती महाग पडली. रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं, पण खाली थेंब दिसत नसे. होज पाइपच्या तोंडाशी पांढरट डाग होता. मेस्त म्हणाला होता, "पाइप बदलूया, दोन-अडीचशेचं काम." मी म्हटलं, पगार झाल्यावर बघू. रोज सकाळी नळाचं पाणी ओतत राहिलो. पगार झाला, त्यानंतरचाही झाला.

आईला डोळे दाखवायला गोमेकॉत नेत होतो. बाणस्तारीचा पूल मागे पडला, कदंब पठाराच्या चढावर काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली. भर पावसात आई छत्री धरून रस्त्याच्या कडेला उभी. "तुझे बाबा असते तर..." एवढंच बोलली. वाक्य पुरं केलं नाही. मी रिक्षा शोधत होतो. तिची त्या दिवसाची वेळ चुकली ती चुकलीच.

हेड गॅस्केट गेलं होतं. हेड घासून, नवं पॅकिंग घालून बिल झालं साडेसात हजार. अडीचशेच्या पाइपाचे साडेसात हजार!

त्या दिवसापासून एक वही केली आहे. दर रविवारी पाणी, ऑइल, ब्रेकचं तेल बघतो. खाली पुठ्ठा ठेवून डाग कुठे पडतो ते पाहतो. काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा कूलंटचा. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडतो. मे महिन्यात वायपरखालची पानं काढतो.

नोंदणी २०२९ पर्यंत आहे. तोवर गाडी ठेवायची की विकायची, याचं उत्तर वहीतल्या बेरजेत सापडेल असं वाटलं होतं. पण त्या दिवशी आईने रस्त्यात काढलेली अर्धी पावणी तिच्यात कोणत्या रकान्यात मांडायची, ते मला अजून कळलेलं नाही.

असो. पाऊस आला वाटतं, काचा वर करून येतो.