खर्जातले गाणे

अण्णांच्या गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक मिळावा म्हणून परवा त्यांना घेऊन वज्रेश्वरीला गेलो होतो. चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलून १७३९ साली वसई घेतली आणि मग हे देऊळ बांधवले, असे सांगतात. अण्णांनी बावन्न पायऱ्यांकडे पाहिले, खालूनच हात जोडले आणि म्हणाले, "त्यांनी वसई सर केली, मला या पायऱ्या सर होईनात!"

मग आम्ही अकलोलीच्या कुंडावर गेलो. अण्णा पाण्यात पाय सोडून बसले. मी शेजारी बसलो, फोनची एक गुंडी कानात घालून.

कानात ब्राम्स होता. भारदस्त खर्जातला पुरुषी आवाज आणि साथीला फक्त पियानो. या जर्मन संगीतकाराने मे १८९६ मध्ये, त्रेसष्टाव्या वाढदिवसाच्या सुमारास, ही चार 'गंभीर गीते' पुरी केली. त्याची जन्माची मैत्रीण क्लारा शूमान तेव्हा अंथरुणाला खिळली होती. त्याच महिन्याच्या वीस तारखेला ती गेली. पुढच्या एप्रिलात ब्राम्सही गेला. शब्द बायबलमधले, आणि पहिल्या तिन्ही गीतांचा विषय एकच: मरण.

"काय ऐकतोस रे?" अण्णांनी विचारले.

"जर्मन भजन आहे," मी म्हणालो. अगदीच खोटे नव्हते. पण एकोणऐंशी वर्षांच्या वडिलांना आणखी काय सांगायचे?

"बघू," म्हणून त्यांनी दुसरी गुंडी मागितली. एके काळी आळीच्या भजनात अण्णांचा खर्ज घुमत असे. डोळे मिटून त्यांनी तिसरे गीत शेवटपर्यंत ऐकले. "गळ्यातून नाही, बेंबीपासून गातोय," ते म्हणाले. "अर्थ काय?"

मी चाचरत म्हणालो, "मरण फार कडू आहे, असं म्हणतोय. ज्याचं घरदार नीट आहे, अंगात ताकद आहे, अन्न गोड लागतं, त्याला."

"म्हणजे तुला," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण पुढे सूर बदलला. मवाळ झाला. तिथे काय म्हणतो?"

त्यांच्या कानाने मला पकडले होते. तिथेच गीत कोमलातून शुद्ध स्वरांत येते.

"जो थकलाय, म्हातारा झालाय, ज्याला आता कसली आशा उरली नाही," मी पाण्याकडे पाहत म्हणालो, "त्याला तेच मरण बरं वाटतं."

अण्णा थोडा वेळ पाय हलवत राहिले. वाफेत त्यांचा चेहरा नीट दिसेना. गेले वर्षभर त्यांनी दोनतीनदा काहीतरी बोलायला सुरुवात केली होती. प्रत्येक वेळी मी 'असं काय बोलता?' म्हणून विषय बदलला होता. कडू कोणाला लागत होते, ते मला आता कळले.

"अण्णा, तुम्हाला काही सांगायचं होतं ना?"

"सांगतो. आधी पुन्हा लाव ते," ते म्हणाले. "कडूपासून लाव."