साडेतीन किलो कमी पडले तेव्हा...

'किती बारीक आहेस गं! नशीबवान आहेस, काहीही खाल्लंस तरी चालतं!' असं तुम्हाला कधी कुणी म्हटलंय? मी कॉलेजची तीनही वर्षं हे ऐकलं. घरी मात्र उलट. शेजारच्या मावशी मला 'ओल्लिकुच्ची' म्हणायच्या, म्हणजे तमिळमध्ये काडी. मी दोन्हीकडे हसून वेळ मारून न्यायचे. 'आमच्या घरात सगळ्यांची अंगकाठीच अशी,' हे माझं ठरलेलं उत्तर होतं.

आधी माझी थोडी ओळख करून देते. मी कुंभकोणमची. तमिळनाडूत राहते, पण घरात मराठी बोलते. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरच्या आसपास जी मराठी कुटुंबं स्थिरावली, त्यांतलं आमचं एक. आमच्या मराठीत तमिळ शब्द बरेच मिसळले आहेत. तुम्ही वाचताय ती मराठी मी पुस्तकं आणि मोबाईल यांवरूनच शिकले, त्यामुळे कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

तर, दीड वर्षापूर्वी आजी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं आणि घरच्यांपैकी दोघांनी रक्तदान करावं, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. मी लगेच हात वर केला. लहानपणापासून मी आजीच्या कुशीत झोपलेली. माझ्याशिवाय कोण देणार?

रक्तपेढीत आधी वजनकाट्यावर उभं केलं. काटा ४१.५ किलोवर थांबला. तिथल्या ताई अगदी मायेने म्हणाल्या, "४५ किलोच्या खाली रक्त घेता येत नाही. तुझ्यात हिमोग्लोबिनही कमी दिसतंय. तूच आधी डॉक्टरांना दाखव." माझ्या जागी चुलतभाऊ आत गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. साडेतीन किलो. तेवढ्यासाठी मी आजीच्या काहीच उपयोगाला आले नव्हते.

अंगकाठी की अशक्तपणा?

ऑपरेशन नीट पार पडलं. आजी घरी आल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. माझी उंची १५८ सेंटिमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. माझा आला १६.६. तो १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी समजतात. म्हणजे माझं वजन निदान ४६ किलोच्या थोडं वर हवं होतं. हिमोग्लोबिन १०.२ होतं. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात.

यात मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष १८.५ च्या खाली आहेत. वजन कमी कसं करायचं, हे मात्र आपल्याला रोज दहा जण सांगतात.

डॉक्टरांनी थायरॉईड, साखर आणि पोटातले जंत तपासायला सांगितले. सुदैवाने तसं काही निघालं नाही. तुमचं वजन कारण नसताना उतरत असेल, किंवा सोबत ताप, खोकला, जुलाब असतील, तर आधी तपासण्या करून घ्या, आहाराचं मग बघा. मला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि आहारतज्ज्ञांची चिठ्ठी.

तीन दिवसांची वही

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत काहीही खायला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "तीन दिवस जे पोटात जाईल ते लिही. खोटं लिहू नकोस."

मी लिहिलं. सकाळी सातला कॉफी. साडेनऊला दोन इडल्या. अकराला कॉफी. दोन वाजता थोडा रसम-भात, थोडा ताक-भात. चारला कॉफी. साडेसहाला पुन्हा कॉफी. रात्री एक डोसा.

कुंभकोणमची डिग्री कॉफी तुम्ही ऐकली असेल. पितळेच्या पेल्यात, घट्ट दुधाची, वर फेस. आमच्या गावात पाहुण्याला पाण्याआधी कॉफी विचारतात. लिहिण्याचं काम घरूनच करत असल्यामुळे माझा प्रत्येक लेख एका पेल्यावर सुरू व्हायचा आणि दुसऱ्यावर संपायचा. वही बघून बाई म्हणाल्या, "तुला भूक लागत नाही असं नाही. भूक लागली की तू तिला कॉफी पाजतेस."

मला ते लागलं, कारण खरं होतं. कॉफीने भूक मरते. शिवाय जेवणासोबत चहा-कॉफी घेतली तर डाळी-भाज्यांमधलं लोह नीट अंगी लागत नाही. मी लोहाची गोळीसुद्धा कॉफीबरोबरच गिळत होते!

कॉफी सोडावी लागली नाही. दिवसाला दोन पेले, आणि जेवणाच्या व गोळीच्या आधी-नंतर तासभर नाही, एवढं ठरलं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले.

रोज थोडं जास्त

मला वाटलं होतं, आता ताटभर भात, तुपात बुडवलेली मिठाई, नाहीतर डब्यातली पावडर. पावडर तर मी ऑनलाइन मागवूनही ठेवली होती. बाईंनी ती परत करायला लावली. लवकर वजन वाढवणाऱ्या काही पावडरींत स्टिरॉइड मिसळल्याचं आढळलेलं आहे. त्याने अंगात पाणी साठून चेहरा सुजतो आणि आपण फसतो.

त्यांचा हिशोब सोपा होता. जे खातेस त्यावर वजन आहे तिथेच राहतंय, तर रोज ३०० ते ५०० कॅलरी जास्त घे. आठवड्याला पाव किलो वाढलं तरी पुष्कळ. एक पेला साईचं दूध म्हणजे सुमारे १३० कॅलरी, एक केळं १००, मूठभर शेंगदाणे १७०, चमचाभर तूप ४५. झाल्या साडेचारशेच्या आसपास! यातलं काहीच आमच्या घरात नवं नव्हतं, मी फक्त खात नव्हते.

मग अकराच्या कॉफीच्या जागी केळं आणि दूध आलं. चारला सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, वर खोबरं आणि मोहरीची फोडणी. दुपारी आधी वरण-भात तुपासह आणि रसम शेवटी, कारण पातळ रसमनेच माझं पोट भरायचं. सकाळी इडलीबरोबर नुसत्या चटणीऐवजी आमच्या गावचा कडप्पा. मूगडाळ, बटाटा आणि वाटलेलं खोबरं यांची ही दाट आमटी. गावात ती आवडीने खातात, पण मी डाएटच्या नावाखाली टाळायचे. आणि आजीचं डांगर! भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. तुमच्याकडेही ते करतात, हे कळलं तेव्हा आजीला कोण आनंद झाला. आमच्या घरी अंडी-मासे चालत नाहीत. तुमच्याकडे चालत असतील तर तुमचं काम आणखी सोपं.

पहिले पंधरा दिवस पोट जड वाटायचं. म्हणून एकदम न वाढवता आठवड्याला एकेक गोष्ट वाढवली. घड्याळ लावून खाल्लं. भूक लागायची वाट पाहत बसले असते तर आजही ४१ वरच असते.

व्यायाम कशाला?

"आधीच बारीक, त्यात व्यायाम? आहे तेही झडेल!" हे आईचं म्हणणं. पण नुसतं खाऊन बसलं तर वाढलेलं वजन बहुतेक चरबीचं असतं. स्नायू वाढायला त्यांना काम द्यावं लागतं.

आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. भिंतीला हात टेकून जोर, खुर्ची धरून बैठका, पाण्याच्या लिटरभर बाटल्या हातांत घेऊन उचलणं. जमायला लागलं की पाठीवरच्या पिशवीत एकेक पुस्तक वाढवायचं. बीएला घेतलेला इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश इतक्या वर्षांनी खरा उपयोगी पडला! संध्याकाळी महामहम तलावाभोवती हळू फेरी. त्याच वेळी आजी वॉकर घेऊन ओसरीवर पावलं मोजायची. कुणाची जास्त झाली, यावर रात्री आमचा वाद.

सगळं सरळ झालं असं समजू नका. तिसऱ्या महिन्यात ताप आला आणि कमावलेला एक किलो गेला. पाचव्या महिन्यात काटा हललाच नाही. मी रोज वजन करून रडत होते. बाईंनी सांगितलं, "आठवड्यातून एकदाच, सकाळी, उपाशीपोटी. बाकी दिवस काट्याकडे बघू नकोस."

आठव्या महिन्यात ४६.८ किलो झाले. बीएमआय १८.७. हिमोग्लोबिन १२.८.

त्यानंतर गावात रक्तदान शिबिर लागलं. पुन्हा काट्यावर उभी राहिले, पुन्हा बोटाला सुई टोचली. या वेळी मला आत पाठवलं. ३५० मिलिलिटर रक्त घेतलं. ते कुणाला गेलं, मला माहीत नाही. कुणाच्या तरी आजीला गेलं असेल. नंतर त्यांनी बिस्किटं आणि कॉफी दिली. मी बिस्किटं खाल्ली आणि कॉफी तासाभराने घरी, आजीबरोबर प्यायले.

मी आजही बारीकच दिसते. शेजारच्या मावशी अजून काडीच म्हणतात. पण आता आजीला पलंगावरून उठवताना माझे हात थरथरत नाहीत, आणि जिना चढून आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत नाही.

तुमच्या घरातही कुणी 'अंगकाठीच अशी' म्हणून सोडून दिलेलं असेल, कदाचित तुम्ही स्वतः. त्यांना चिडवू नका आणि त्यांचं कौतुकही करू नका. या रविवारी एकदा वजन आणि उंची बघा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि तीन दिवस वही लिहा. खोटं मात्र लिहू नका!