तारणासाठी चर्चचा उंबरठा ओलांडावाच लागतो का?

१/ ख्रिस्तावर श्रद्धा आहे, परंतु कोणत्याही चर्चचे सभासदत्व नाही. अशा माणसाचे तारण होते का? हा प्रश्न वरवर युरोपातला वाटतो. पण त्याची दोन धाडसी उत्तरे मराठी माणसांनी दिली आहेत. हा धागा त्यांच्याविषयी.

२/ मी चांदवडचा. येथे रेणुकामातेच्या दर्शनाला जाताना कोणी सभासदांची नोंदवही पुढे करत नाही. त्यामुळे चर्चबाहेर तारण नाही हा सिद्धान्त प्रथम वाचला तेव्हा तो मला परका वाटला. त्याचे मूळ तिसऱ्या शतकातील कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या लेखनात सापडते. त्यांचा रोख मुख्यतः चर्चमधून फुटून वेगळी चूल मांडणाऱ्यांवर होता.

३/ पुढे १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने हाच सिद्धान्त परधर्मीयांनाही स्पष्ट शब्दांत लागू केला. कॅथलिक चर्चची भूमिका त्यानंतर हळूहळू मवाळ होत गेली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त वा चर्च ठाऊक झाले नाही, पण जे मनापासून ईश्वराचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते.

४/ त्याच्या कितीतरी आधी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आश्रय देणाऱ्या अँग्लिकन भगिनींची अपेक्षा होती की, त्यांनी चर्चची शिकवणही निमूटपणे स्वीकारावी. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर प्रश्न विचारले. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीच्या आहोत, पण धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द आपल्यावर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे केडगावला त्यांनी उभारलेल्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’. तीही कोणत्या एका पंथाच्या दावणीला बांधलेली नव्हती.

५/ दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांचे संस्कृतचे शिक्षण नाशिकला झाले. पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर. ख्रिस्तावर श्रद्धा बसल्यावरही टिळक बाप्तिस्म्यापाशी अडखळले. कारण त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जात, घर आणि आप्त यांच्यापासून तुटणे. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली.

६/ ज्याने या उंबरठ्याची एवढी किंमत मोजली, त्यानेच तो पुढे अनावश्यक ठरवावा, हे मला विलक्षण वाटते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसू शकत होते. ख्रिस्ताचे होण्यासाठी मराठीपण सोडावे लागू नये, हा त्यामागचा ध्यास. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

७/ येथवर वाचून आपण सहज टिळकांच्या बाजूला झुकतो. मीही झुकतो. पण नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे आलेल्या बहुसंख्य कुटुंबांकडे पाहा. ती महार व मांग समाजांतली होती. त्यांना मंडळीत मुलांसाठी शाळा मिळाली आणि उपासनेला सर्वांसोबत बसण्याचा हक्क मिळाला. जातीची उतरंड तेथेही पुरती मोडली नाही. तरीही ‘सभासद’ या शब्दात त्यांच्यासाठी प्रतिष्ठा होती. दार अनावश्यक आहे, असे म्हणणे ज्याच्यासाठी इतर सर्व दारे उघडी असतात त्याला सोपे जाते.

८/ नोंदवही नसलेली आपली देवळे तरी कुठे सर्वांना खुली होती? १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी नाशिकला सत्याग्रह करावा लागला. तो अनेक वर्षे चालूनही मंदिराचे दार उघडले नाही. १९३५ मध्ये आमच्या शेजारच्या येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या घोषणेत मला केवळ परलोकाची चिंता दिसत नाही. माणूस म्हणून वागवणाऱ्या समाजाचा शोध दिसतो.

९/ म्हणून हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, असे मला वाटते. ईश्वर चर्चच्या नोंदवहीपुरता बांधलेला आहे का? रमाबाई आणि टिळकांचा नकार मला पटतो. माणसाला एकट्याने, कोणत्याही समाजाविना तरता येते का? येथे मात्र मंडळीत प्रथमच मानाने बसलेल्यांची साक्ष अधिक मोलाची आहे. टिळकांनाही अखेर दरबार भरवावाच लागला. एकांतवास त्यांना पुरला नाही.

१०/ लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ अद्याप वाचली नसतील तर अवश्य वाचा. वाचताना टिळकांइतकेच लक्ष लक्ष्मीबाईंकडे ठेवा. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांचे घर मोडले होते. तरीही काही वर्षांनी त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. उंबरठ्याच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या.