लाल पट्टी आणि आजीच्या फुगड्या

मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या कोकणातल्या पोरांना गणपतीत घरी गेलं की दोन कामं ठरलेली असतात. माटवी बांधायची आणि कम्प्युटर 'बघायचा'. तुम्ही बँकेत असा नाहीतर एचआरमध्ये, शहरात राहता ना, मग तुम्हाला कम्प्युटर येतोच!

आमच्या मालवणच्या घरचा डबा 2012 सालचा. विंडोज 7 वरून 10 वर चढवलेला, हार्डडिस्क 320 जीबीची. ती दिसते 298च. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या, मध्ये कोणी चोरलेलं नसतं. त्यातले 80 जीबी सी ड्राइव्हला, बाकी डीला. सीची पट्टी दोन वर्षं लालभडक. बटण दाबायचं आणि तोवर चहा पिऊन, नारळ सोलून यायचं.

दुकानात नेला तर सगळीकडे मिळतं तेच उत्तर मिळालं. ''फॉरमॅट मारतो. फक्त सी उडवू, डीमधलं काही जाणार नाही.'' ऐकायला एकदम सेफ. पण मराठी घरांच्या जुन्या कम्प्युटरमध्ये गोम नेमकी इथेच असते.

बाबांनी आजीला समोर बसवून तिच्या फुगड्यांची गाणी टाइप केली होती. पंचवीसेक पानं. आजी आता नाही आणि ती गाणी दुसरीकडे कुठे लिहिलेलीही नाहीत. फाइल डीमध्ये आहे, मान्य. पण टायपिंग जुन्या फॉन्टमधलं. शिवाजी, श्रीलिपी, कृतीदेव आठवतात? युनिकोडच्या आधीच्या त्या जमान्यात फाइलच्या आत मराठी अक्षरं नसायचीच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना वरून देवनागरीचा मुखवटा चढवायचा. आणि हा फॉन्ट राहतो कुठे? सीमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये! सी उडवला की फाइल जागच्या जागी, पण उघडली की फुगडीच्या जागी कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. फॉन्ट पुन्हा मिळवता येतो म्हणा, पण तो कुठल्यातरी टायपिंग क्लासच्या सीडीवरून आलेला. तो नेमका कुठला, हे कोण शोधत बसणार?

बाबांना जागेची अडचण सांगितली तर त्यांचा सवाल सरळ होता. ''कपाट भरला म्हणान कोण कागद जाळता काय रे झिला?''

मग कपाटच उघडलं. आजीची अख्खी फाइल 200 केबीसुद्धा नव्हती. फॉन्टही तेवढाच किरकोळ. जागा खाल्ली होती ती भलत्यांनीच. 'गुड मॉर्निंग'चे व्हिडिओ, एकेक दहा-पंधरा एमबीचा. एकच सातबारा डाउनलोड्समध्ये अकरा वेळा. डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण बहुतेक जण दाबतच नाहीत, तिथे जुन्या अपडेट्सचा ढीग निघाला. हायबरनेशनची फाइल वेगळी, घरी कोणी तो प्रकार कधी वापरलाच नव्हता. सगळं मिळून 20 जीबीच्या वर गेलं, त्यात घरातला एकही फोटो नव्हता.

जागा वाढवायला 500 जीबीची एसएसडी घेतली. आधी गाणी, फोटो आणि फॉन्ट्स फोल्डर पेन ड्राइव्हवर, मगच पेचकस हातात. एसएसडी यूएसबी केबलने जोडून जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन केली, त्यामुळे फॉन्टसकट सगळं आलं. फिरणारी तबकडीच नाही, म्हणून मशीन धावायला लागलं. आता नारळ सोलायला वेळ मिळत नाही, अशी आईची तक्रार.

मात्र विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 2012 चा प्रोसेसर 11 च्या यादीत बसत नाही. त्यामुळे या मशीनवर बँकेचे व्यवहार बंद, ते मोबाइलवर. गाणी आणि फोटोंना तो चालतोय.

जुनी डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत उघडं ठेवलेलं लोखंड काय होतं ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. पेन ड्राइव्ह माझ्यासोबत मुंबईला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्यावरून गेलं. त्यानंतर दोन्ही कॉपी एकाच छपराखाली ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

राहिली गाणी. घरच्या मशीनवरच त्यांची पीडीएफ केली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. मग कन्व्हर्टरने युनिकोड. ऱ्हस्व वेलांट्या आणि रफारांची पार वाट लागली आहे, काही शब्द तर ओळखूच येत नाहीत. बाबा रोज संध्याकाळी एक पान काढतात, आईला म्हणायला लावतात आणि दुरुस्त करतात. परवापर्यंत नववं पान झालं होतं. त्यात आईने एक कडवं वाढवलं, ते आजीने कधी सांगितलंच नव्हतं असं बाबांचं म्हणणं.