मायना

मराठी पत्र मजकुरापासून कधी सुरू होत नसे. आधी माथ्यावर ‘श्री’, मग कोपऱ्यात गाव आणि तारीख, आणि त्यानंतर मायना. वडिलांना ‘तीर्थरूप’, आईला ‘ती. सौ.’, धाकट्यांना ‘चि.’, बरोबरीच्यांना ‘सा. न. वि. वि.’. पाकीट फोडणाऱ्याला पहिल्या दोन शब्दांतच कळायचं की लिहिणाऱ्याचं आपल्याशी नातं काय आणि घरात आपली जागा कुठली. घरातलं माणूस गेलं की मायना बदले. ‘सौ.’च्या जागी ‘गं. भा.’ येई. दुःखाच्या कार्डावर ‘श्री’ नसे. ते दाराबाहेरच वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं, घरात न्यायचं नाही.

लढाईवर गेलेल्या माणसाच्या पत्राला हा मायना फार जड जाई. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींतले शिपाई मेसोपोटेमियात होते. तैग्रिस नदीकाठी कूतच्या वेढ्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, सुमारे पाच महिने. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जवान त्या महायुद्धात पडले. अशा गावांतल्या कितीतरी घरांत तेव्हा अक्षर ओळखणारं कोणी नव्हतं. पत्र आलं की गुरुजी किंवा पोस्टमनच ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे. पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावानं असे. बायकोला नावानं पत्र लिहायची रीत नव्हती, आणि लिहिलं असतं तरी ते चारचौघांतच वाचलं गेलं असतं. मग शिपाई लिहायचा, बाळ कसं आहे, रांगायला लागलं का, त्याला जपा. बायको दाराआड उभी राहून ऐकायची. बाळाला पाठवलेल्या आशीर्वादात आपला वाटा कुठला, हे तिला बरोबर कळायचं. बाळ हाच तिचा मायना होता.

लढाईवरून येणाऱ्या पत्रांवर आणखी एका वाचकाची नजर असे. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची टपाल तपासायला १९१४च्या अखेरीस एक खातं नेमलं गेलं. त्यानं इंग्रजीत उतरवून घेतलेले पत्रांतले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बहुतेक पत्रं पंजाब्यांची, मराठी थोडी. मूळ पत्रं गावोगावच्या पत्र्याच्या पेट्यांत जुनी होऊन विरून गेली. तपासनिसानं साहेबासाठी केलेला तर्जुमा तेवढा राहिला, आणि तर्जुम्यात मायना गळून पडतो. ‘तीर्थरूप’ला इंग्रजीत नेणार तरी कसं?

सोलापूरच्या एका घराची युद्धातली पत्रं या मायन्याच्या बाजूनं पाहावीत, असं वाटतं. तो माणूस हातात बंदूक घेऊन गेला नव्हता, शस्त्रक्रियेची हत्यारं घेऊन गेला होता. पण लष्कराबरोबर राहिला, लष्करासारखा पायी चालला, आणि लष्करातच गेला.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. मध्यमवर्गीय घर, पाठीमागे-पुढे दोन भाऊ आणि पाच बहिणी. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारं आणि झोपणारं ते शहर त्यांच्या तरुणपणी फार मोठ्या धगीतून गेलं. मे १९३०मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचे होते. पुढे ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालली असतानाच बातमी आली. चीनवर जपानचं आक्रमण झालं होतं, चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली होती, आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस डॉक्टरांचं पथक पाठवणार होते. द्वारकानाथांनी नाव दिलं.

घरी चीनविषयी काय माहीत होतं? त्यांची बहीण मनोरमा यांनी पुढे सांगितलं होतं की चिनी माणसं दारोदार रेशीम विकायला येतात, एवढंच ठाऊक होतं. वडिलांनी जा म्हटलं. आईला वाईट वाटलं. घराघरांतून अशीच वाटणी होत असणार.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ बोट निघाली. पथकात पाच जण होते. प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल, नागपूरचे वयस्कर डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सगळ्यांत तरुणांपैकी एक द्वारकानाथ, अठ्ठावीस पुरे व्हायला महिना बाकी. सप्टेंबरच्या मध्याला ते कँटनला उतरले. तिथून हँकाऊ, इचांग, चुंगकिंग असा आत आत प्रवास. पुढे बॉम्ब पडताहेत, मागे सोडलेली शहरं एकेक करून जपान्यांच्या हाती जाताहेत, आणि याच वाटेवरून एक मुलगा घरी पत्रं पाठवतो आहे. अविवाहित मुलाचं पत्र. त्याचा मायना एकच असणार, वडिलांना.

तो मायना काही महिन्यांतच संपला. पथक चुंगकिंगहून कम्युनिस्टांच्या मुलखातल्या येनानला निघण्याच्या बेतात असताना, १९३९च्या सुरुवातीला, सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. परत जा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. ते गेले नाहीत.

या ठिकाणी थांबायला हवं. चरित्रांत हा प्रसंग त्यागाचं उदाहरण म्हणून येतो, आणि तो आहेच. पण सोलापूरच्या घरातून पाहिलं तर त्याच दिवसापासून आईचा ‘सौ.’ गेला होता. मुलानं घरी पुढचं पत्र लिहायला घेतलं तेव्हा त्याला हजारो मैलांवर बसून आईच्या नावामागची अक्षरं बदलावी लागली असतील. मराठी रीतीत वाढलेल्या कुठल्याही मुलाला ते चुकत नव्हतं. गावात असता तर तेरा दिवसांत लोकांच्या तोंडून तो शब्द हळूहळू अंगवळणी पडला असता. तिकडे तो एकट्यानं, एका बैठकीत लिहायचा होता.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचलं. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा, गुहांत दवाखाना, गुहांत शाळा. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेत त्यांना रीतसर घेतलं गेलं. पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली होती आणि प्रत्येकाच्या नावाशेवटी ‘हुआ’ हे अक्षर होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के तिहुआ’. पाच वेगवेगळ्या घरांतले पाच जण एका अक्षरानं भावंडं झाले.

त्या वर्षाच्या अखेरीस कोटणीस आणि बसू आघाडीकडे निघाले. जपानी चौक्यांमधून, रात्री चालून, रेल्वेचे रूळ ओलांडून. मुखर्जी, अटल आणि चोळकर एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस उत्तरेत, जपानी फौजांच्या पाठीमागे असलेल्या डोंगरी मुलखात पोहोचले. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून याच मुलखात काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, रक्तात विष भिनलं, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांची जागा आता कोटणिसांची होती. १९४०मध्ये जपान्यांविरुद्धच्या मोठ्या मोहिमेत त्यांनी तेरा दिवसांत आठशेवर जखमी तपासले, सलग बहात्तर तास झोपेशिवाय काढले. जानेवारी १९४१मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. बसू १९४०मध्येच येनानला परतले होते. आता त्या मुलखात मराठी राहू द्या, कुठलीही भारतीय भाषा बोलायला दुसरं माणूस उरलं नव्हतं.

आणि टपालही नव्हती. त्या डोंगरांना एका बाजूनं जपान्यांचा वेढा होता, दुसरीकडे चिनी सरकारनं कम्युनिस्ट मुलखाची नाकेबंदी आवळली होती. डिसेंबर १९४१मध्ये हाँगकाँग पडलं. एप्रिल १९४२मध्ये लाशिओ पडलं, आणि ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता बंद झाला. पत्र लिहायला बसणं माणसाच्या हातात असतं. ते पोहोचवण्यासाठी एक अख्खं जग शाबूत असावं लागतं.

याच वर्षा-दीड वर्षात त्यांच्या आयुष्यात दोन नवे मायने आले. ग्वो छिंगलान ही शान्सी प्रांतातली, परिचारिकेचं शिक्षण घेतलेली मुलगी. बेथ्यूनच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत ती शिकवत असे. बेथ्यूनच्या समाधीच्या कार्यक्रमात, १९४०च्या उन्हाळ्यात, तिनं कोटणिसांना पहिल्यांदा पाहिलं. परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, लिहितो, याचं तिला नवल वाटलं. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचं लग्न झालं. सोलापूरच्या मायन्यात ती ‘चि. सौ.’ झाली असती. तिला त्या अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता, आणि ज्या सासूनं ती लिहायची ती सासू तिनं पाहिली नव्हती.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. इकडे भारतात ‘चले जाव’ची हाक निघून दोन आठवडे झाले होते, तारा तुटत होत्या, पोस्टं जळत होती. बाळाचं नाव सेनापती न्ये रोंगचन यांनी सुचवलं, यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बापाच्या नावातलं शेवटचं अक्षर मुलाच्या नावात आलं. महाराष्ट्रात बापाचं नाव मुलाच्या नावामागे लागतं, तिकडे ते असं त्याच्या आत शिरलं.

बाळ १०८ दिवसांचं होतं तेव्हा कोटणीस गेले. त्यांना काही काळ फेफऱ्याचे झटके येत होते. विश्रांतीसाठी मागे जा, असं वरिष्ठ सांगत होते, आणि ते शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तक लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ची पहाट. वय ३२. त्यांच्या हातून शेवटी कागदावर उतरलं ते घरचं पत्र नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी, चिनी भाषेत, जखमा कशा शिवायच्या ते होतं.

त्यानंतर त्या बाजूनं कोटणीस कुटुंबाला एक पत्र लिहिलं गेलं. त्यावर तारीख आहे २२ मार्च १९४३ आणि सही आहे कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय यांची. आठव्या मार्गसेनेच्या वतीनं त्यांनी सांत्वन कळवलं. मराठी घरात दुःखाचं कार्ड फाडून टाकतात. हे पत्र कोणी कसं फाडणार? ज्या मुलानं परदेशात लग्न केलं, ज्याला मूल झालं, त्याच्या घरी त्याच्या हातचा मजकूर थांबून परक्या हातचा आला होता.

गोष्ट लवकरच सगळ्या देशाची झाली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९४६मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढली, कोटणिसांची भूमिका स्वतः केली आणि ग्वो छिंगलानची जयश्रीबाईंनी. चित्रपटानं सोलापूरच्या माणसाला घराघरांत नेलं, हे खरं. पण पडद्यावरची चिनी बायको हिंदी बोलत होती, आणि खरी ग्वो छिंगलान त्या वेळी चार वर्षांचं पोर घेऊन चीनमधल्या यादवी युद्धातून वाट काढत होती.

स्वातंत्र्यानंतर ती भारतात आली, एकदा नाही, अनेकदा. सासरच्या माणसांना भेटली. तिनं कोटणिसांबरोबरच्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. यिनहुआ मोठा झाला, बापासारखाच वैद्यकीच्या शाळेत गेला, आणि १९६७मध्ये, शिक्षण पुरं व्हायच्या आत, २४व्या वर्षी वारला. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव. मराठी माणूस तो शब्द इतक्या सवयीनं लिहितो की त्यात नवस दडलेला आहे हे विसरून जातो.

ग्वो छिंगलान ९६ वर्षं जगली. २८ जून २०१२ रोजी ती तालियनला वारली. नवऱ्याबरोबर तिला एक वर्ष आणि दोन आठवडे मिळाले होते. पुढची सत्तर वर्षं चीनमध्ये येणाऱ्या भारतीय राष्ट्रपतींना, पंतप्रधानांना आणि भारतात कोटणीस कुटुंबाला ती भेटत राहिली. त्या माणसाची दोन घरं एकमेकांना ओळखत राहिली ती तिच्यामुळे.

सोलापुरात भैय्या चौकाजवळचं कोटणिसांचं घर आता महापालिकेचं स्मारक आहे. मुंबईतल्या चिनी वकिलातीची माणसं तिथे फुलं वाहायला येतात. चीनमध्ये शिचियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, आणि त्याच शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा. तिथून शिकून बाहेर पडणारी मुलं त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात.

सप्टेंबर २०१४मध्ये चीनचे अध्यक्ष शी चिनफिंग दिल्लीला आले तेव्हा ज्यांना ते मुद्दाम भेटले त्यांत मनोरमा कोटणीस होत्या. वय ९३. भाऊ मुंबईहून बोटीत बसला तेव्हा त्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या, आणि चीन म्हणजे दारावर येणारा रेशीमवाला होता.